समान कशाशी? – इक्वलायझरचा इतिहास आणि घरगुती ध्वनिमुद्रणाचे संपादन

माळ्यावरच्या पेटीत एखाद्या घरी एक जुनी कॅसेट सापडते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घरातल्या कोणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवलेल्या असतात. आजी आता नाही. नातू ती कॅसेट संगणकावर घेतो आणि 'साफ' करावयास बसतो. त्याच्या हाती पहिले साधन येते ते इक्वलायझरचे, आणि त्याबरोबर पहिला सल्लाही येतो : गाणाऱ्याच्या आवाजात 80 हर्ट्झच्या खाली काही नसते, तेवढे कापून टाका. तो कापतो. विजेची गुणगुण कमी झाल्यासारखी वाटते, पण पूर्ण जात नाही. मग तो रेषा आणखी वर, दीडशेपर्यंत नेतो. आता आवाज स्वच्छ येतो. मात्र त्या गुणगुणीबरोबर जात्याच्या घरघरीतला जड भागही गेलेला असतो, आणि ओवी कोणीतरी खुर्चीवर बसून म्हटल्यासारखी ऐकू येते.

ही चूक साधनाची आहे, की साधन निवडणाऱ्याची, की त्या सल्ल्याची? घरी ध्वनिमुद्रण करणारे आज शेकडो इक्वलायझर प्लगइनांतून निवड करीत असतात आणि ती निवड बहुधा गुणांच्या तक्त्यावरून किंवा किमतीवरून होते. आमच्या मते तिच्या आधी एक जुना प्रश्न येतो. इक्वलायझर म्हणजे समान करणारा. पण समान कशाशी? ह्या शब्दाच्या शंभरेक वर्षांच्या आयुष्यात ह्या प्रश्नाची उत्तरे अनेकदा बदलली आहेत. साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये. हस्तलिखितांतून संहिता सिद्ध करणाऱ्या प्रत्येक संपादकाने हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारलेला आहे.

पहिले उत्तर टेलिफोनचे होते, आणि ते सर्वांत सरळ होते. लांबच्या तारेतून आवाज जाताना त्यातील सर्व वारंवारता सारख्या प्रमाणात क्षीण होत नाहीत. वरच्या अधिक क्षीण होतात. अमेरिकेत 1915 मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी टेलिफोनसेवा सुरू झाली, आणि पुढच्या दशकात नभोवाणीचे कार्यक्रमही टेलिफोनच्या तारांवरून एका शहरातून दुसऱ्या शहरात नेले जाऊ लागले. तेव्हा तारेच्या टोकाला अशी विद्युतमंडले जोडण्यात आली की जी तारेने जे घटवले नाही तेही तेवढेच घटवीत. मग सर्वच वारंवारतांची हानी समान होई आणि एकूण पातळी प्रवर्धकाने उचलून घेता येई. ओटो झोबेल ह्यांनी 1920 च्या दशकात अशा मंडलांचे गणित मांडले, तर बेल प्रयोगशाळेतील हेंड्रिक बोडे ह्यांनी 1938 मध्ये बदलत्या इक्वलायझरांवर लिहिले. येथे 'समान' म्हणजे काय ह्याविषयी वाद नव्हता. तारेच्या ह्या टोकाला जे बोलले गेले तेच त्या टोकाला ऐकू यावे. मूळ प्रत समोर होती आणि नक्कल तिच्याशी ताडून पाहता येत होती.

ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत ही सोय राहिली नाही. फ्रेड गायसबर्ग ह्यांनी 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जानचे गाणे मुद्रित केले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यापुढे उभे राहून गावयाचे, आणि त्या आवाजाच्याच बळावर सुई मेणात रेघ कोरणार. 1925 मध्ये विद्युत पद्धत आली तेव्हा मुद्रिकेवर अधिक खालचे आणि अधिक वरचे स्वर उतरू लागले. त्याबरोबरच एक नवी गुंतागुंत आली. खर्जाचे स्वर आहेत तसे कोरले तर रेघ इतकी रुंद झुलते की शेजारच्या रेघेत शिरते. म्हणून कोरताना खर्ज घटवावयाचा आणि वाजवताना तेवढाच वाढवावयाचा, अशी पद्धत पडली. वरचे स्वर उलट कोरताना वाढवावयाचे आणि वाजवताना घटवावयाचे, म्हणजे सुईची खरखर त्यांच्याबरोबर दबते. हे घटवणे-वाढवणे कोठून आणि किती, हे मात्र प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने 1954 मध्ये एक वक्र प्रमाण मानला. त्यात 50, 500 आणि 2122 हर्ट्झ ह्या तीन ठिकाणी वळणे आहेत, आणि आजही ग्रामोफोनच्या प्रवर्धकात तोच वक्र असतो.

ह्याचा परिणाम आपल्या कानांवर आजही होतो. 1925 पूर्वीच्या मुद्रिकांना असा कोणताही आखलेला वक्र नव्हता. त्या काळातील बालगंधर्वांची एखादी मुद्रिका आजच्या प्रवर्धकातून तशीच वाजवली तर जो खर्ज कोणी घटवलाच नव्हता तो वाढवला जातो, आणि जे वरचे स्वर कोणी वाढवले नव्हते ते दहा हजार हर्ट्झपाशी सुमारे 14 डेसिबलांनी खाली दाबले जातात. आवाज जड आणि मंद होतो. ऐकणारा म्हणतो, जुन्या काळचे ध्वनिमुद्रण असेच असावयाचे. क्वचित असेही म्हणतो की गायकाचा आवाजच तसा असावा. नंतरच्या काळाने ठरवलेले प्रमाण आधीच्या काळाला लावल्याचा हा दोष आहे.

मराठीच्या विद्यार्थ्याला येथे ज्ञानेश्वरीची आठवण होईल. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, अनेक प्रती पाहून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात पुढे कोणी भर घालू नये असे बजावले. ती प्रत पुढील परंपरेसाठी प्रमाण ठरली. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी 1909 मध्ये एकनाथपूर्व म्हणून जी संहिता छापली तिच्या प्राचीनतेविषयी वाद झाले. पण त्या वादाने निदान एक गोष्ट पुढे आणली : प्रमाण प्रत हीसुद्धा कोणीतरी, कोणत्या तरी काळी, काही कारणाने केलेली असते. प्रमाण नको असा ह्याचा अर्थ नाही. एकनाथांवाचून आपल्याला ज्ञानेश्वरी आजच्या रूपात मिळती ना. प्रमाण कोणते आणि ते कोणत्या सामग्रीला लागू आहे, एवढे माहीत असावे, हा त्याचा अर्थ.

ऐकणारा कानही ह्या हिशेबात धरावा लागतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी 1933 मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात कानाला खर्ज फार कमी जाणवतो. पातळी वाढवली की तोच खर्ज भरून येतो. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यास भांडारकर संस्थेच्या महाभारतातील आदिपर्व पूर्ण झाले आणि सुकथनकरांची प्रदीर्घ प्रस्तावना प्रसिद्ध झाली. व्यासांच्या हातची प्रत आपण देत आहोत असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांतून जेवढे मागे जाता येईल तेवढेच ते गेले, आणि टाकलेले पाठ तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. दोन्ही कामांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरी, आपण जे 'मूळ' म्हणून ऐकतो वा वाचतो त्यात आपल्या स्थानाचाही भाग असतो, हे दोन्हींतून कळते. व्यवहारात ह्यातून एक नियम निघतो आणि घरी काम करणारा तोच बहुधा मोडतो. इक्वलायझरने काही वाढवले की एकूण आवाजही किंचित मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. म्हणून आधीचे आणि नंतरचे ध्वनिमुद्रण सारख्या पातळीवर आणूनच तुलना करावी. असे केले की 'ह्या प्लगइनने जादू केली' अशी पुष्कळ मते मागे घ्यावी लागतात.

युद्धोत्तर काळात इक्वलायझरचे काम बदलले. पीटर बॅक्सँडॉल ह्यांनी 1952 मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' ह्या मासिकात खर्ज आणि तार स्वतंत्रपणे कमीजास्त करणारे एक सोपे मंडल प्रसिद्ध केले. घरोघरच्या ध्वनिसंचांवर दिसणाऱ्या बास आणि ट्रेबल ह्या दोन बटणांमागे पुढे बहुतेक वेळा त्याचीच रूपे होती. म्हणजे समान करण्याचा अधिकार आता श्रोत्याच्या हाती आला, आणि श्रोता मुळाशी ताडून पाहत नाही, आवडीप्रमाणे फिरवतो. स्टुडिओतही तेच घडत होते. अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या आरंभी आलेल्या पुलटेक इक्वलायझरमध्ये एकाच खर्जाला एका बटणाने वाढवता येई आणि त्याच वेळी दुसऱ्याने घटवता येई. कागदावर हे निरर्थक आहे. पण दोन्ही वक्र तंतोतंत एकमेकांवर बसत नसल्यामुळे खर्ज भरदार आणि त्याच्या थोडा वरचा भाग हलका असा परिणाम मिळतो, आणि ध्वनिमुद्रकांना तो आवडला. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतील काही मेजांवर तर 'क्लासिक' आणि 'पॉप' अशा दोन प्रकारच्या इक्वलायझरच्या पेट्या बदलून बसवण्याची सोय होती. एका गायनाला 'समान' म्हणजे जसे होते तसे, दुसऱ्याला 'समान' म्हणजे बाजारात जसे हवे तसे, असा भेद यंत्रावरच लिहिला गेला.

नीव्ह कंपनीच्या 1970 मधील 1073 ह्या मंडलात वरच्या पट्टीसाठी 12 हजार हर्ट्झ ही एकच जागा आहे, आणि मधल्या पट्टीसाठी सहा ठरलेल्या जागा. हवी ती जागा निवडता येत नाही. दिलेल्यांतून जवळची घ्यावी लागते. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1972 मध्ये, जॉर्ज मॅसेनबर्ग ह्यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात 'पॅरामेट्रिक' इक्वलायझरवर निबंध वाचला. कोणती वारंवारता, किती डेसिबल आणि किती रुंद पट्टा, ह्या तिन्ही गोष्टी त्यात परस्परांपासून स्वतंत्रपणे ठरवता येतात. वृत्तात लिहिणे आणि मुक्तछंदात लिहिणे ह्यांत जो फरक तोच ह्या दोन यंत्रांत आहे असे म्हणावयास हरकत नाही. वृत्त काही शब्द नाकारते आणि म्हणून निवडीचा शीणही कमी करते. मुक्तछंदात प्रत्येक ओळ कोठे तोडावी ह्याचे उत्तर कवीलाच द्यावे लागते. जुन्या यंत्रांच्या प्लगइनरूपी प्रतिकृती नवशिक्याला सोप्या वाटतात त्याचे कारण थोडे आवाजाच्या रंगात आहे आणि पुष्कळसे ह्या मर्यादेत आहे.

मास्टरिंगचा उगमही असाच गरजेतून झाला. मुद्रिका कापणारा तंत्रज्ञ फितीवरचे गाणे मेणावर वा लाखेवर उतरवी तेव्हा सुई उडणार नाही इतकाच खर्ज आणि कापणारे टोक तापणार नाही इतकीच चमक ठेवणे हे त्याचे काम. 1982 मध्ये सीडी आली आणि ती गरज बरीचशी संपली. काम मात्र उरले. आता तो अखेरचा वाचक झाला, एखाद्या मुद्रितशोधकासारखा. मिक्सिंगमध्ये एका वाद्याला सहा डेसिबलांनी घटवले तर बाकीची वाद्ये जागच्या जागी राहतात. मास्टरिंगमध्ये अर्धा डेसिबलही साऱ्यांना लागतो. म्हणून तेथे रुंद पट्टे आणि लहान आकडे वापरावेत. मास्टरिंगच्या वेळी तीन-चार डेसिबलांची गरज भासली तर दोष मिक्समध्ये आहे असे समजून मागे जावे.

प्लगइनांचे युग 1990 च्या दशकात आले. वेव्ह्ज कंपनीचा 1992 मधील क्यू10 हा व्यापारी प्लगइनांतील अगदी पहिल्यांपैकी एक. 1996 मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने आपली व्हीएसटी ही जोडणी इतरांना खुली केली आणि छोट्या कंपन्यांनाच नव्हे, तर एकेकट्या माणसालाही प्लगइन लिहिता येऊ लागला. त्यांतील बहुतेकांच्या पोटातले गणित एकच होते. दोन साधे डिजिटल इक्वलायझर घ्यावे, एक फुकटचा आणि एक महागडा. दोहोंवर नेमका सारखा वक्र काढावा. मग एकाचा निकाल उलट करून दुसऱ्यात मिसळावा. बहुधा जवळजवळ शांतता उरते. म्हणजे दोन्ही एकच काम करीत होते. रीपर ह्या प्रणालीसोबत येणारा रीइक्यू घरगुती कामाला अपुरा पडत नाही तो ह्यामुळेच.

फरक उरतो तो काही मोजक्या ठिकाणी, आणि निवड तेथेच करावी. पहिले ठिकाण वरच्या टोकाचे. 44.1 हजारांच्या नमुनादरात 22,050 हर्ट्झच्या पुढे काही मावत नाही, आणि साध्या गणितात त्या कडेपाशी वक्र आक्रसतो. आवाजाची चमक वाढवावयाची असेल तर हे टाळणारा प्लगइन घ्यावा. दुसरे ठिकाण फेजचे. साधा इक्वलायझर वारंवारता बदलताना त्यांचा काळही किंचित हलवतो. लिनिअर फेज प्रकारात सर्वांना सारखाच विलंब होतो, म्हणून तसे हलणे नाही. पण तबल्याच्या थापेआधीच तिची पुसट लहर ऐकू येण्याचा धोका त्यात असतो. एकाच वाद्याच्या दोन मायक्रोफोनांपैकी एकालाच इक्वलायझर लावावयाचा असेल तर तो उपयोगी; एरवी साधाच बरा. तिसरे ठिकाण गतिमान इक्वलायझरचे. तो ठरलेली मर्यादा ओलांडली गेली तरच हस्तक्षेप करतो. 'स' आणि 'श' टोचत असतील तेवढ्याच क्षणी ते दाबण्यासाठी तो योग्य, आणि टोकियो डॉनचा नोव्हा हा तसा प्लगइन विनामूल्य मिळतो. ह्यापलीकडे बटणांची चित्रे आणि पितळी पट्ट्या आहेत.

प्लगइनांनी एक गोष्ट मात्र खरोखर बदलली. जुन्या यंत्रावर बटणाचा आकडा दिसे, आवाज दिसत नसे. आता पडद्यावर ध्वनीचा आलेख हलत असतो आणि डोळ्याला त्यातले उंचवटे सपाट करावेसे वाटतात. आवाजाचे वेगळेपण बहुधा त्या उंचवट्यांतच असते. त्यात भर खोलीची. दहा बाय अकरा फुटांच्या खोलीत 51 आणि 56 हर्ट्झच्या आसपासचे स्वर भिंतींमध्ये साठतात. बसण्याच्या जागेप्रमाणे ते फुगलेले तरी ऐकू येतात किंवा नाहीसे तरी होतात. तेथे बसून केलेली दुरुस्ती खोलीची असते, गाण्याची नसते, पण ती कायमची उमटते गाण्यावर. ह्यावर महाग प्लगइन हा उपाय नाही. जागा बदलून, साध्या हेडफोनवर आणि दुसऱ्या घरातल्या ध्वनिसंचावर ऐकणे हा आहे.

अलीकडचे उत्तर यंत्राने स्वतःच द्यावयास घेतले आहे. आयझोटोप कंपनीच्या ओझोनमध्ये 2017 पासून असा साहाय्यक आला की जो गाणे ऐकून वक्र सुचवतो, आणि आता असे अनेक प्लगइन आहेत. त्यांतील पुष्कळांकडे पॉप, रॉक, हिप-हॉप अशा शैलींची लक्ष्ये असतात. ज्याला त्या शैलीत गाणे करावयाचे आहे त्याचा वेळ ते नक्की वाचवतात. पण येथे 'समान' म्हणजे पूर्वी इतरांनी केलेल्या गाण्यांच्या सरासरीशी समान. जात्यावरच्या ओवीला त्या सरासरीत जागा नाही. तिला ती लावली तर ती सरासरीकडे जाईल, इतकेच.

त्या कॅसेटकडे परत येऊ. भारतातील वीज 50 हर्ट्झची. म्हणून गुणगुण 50, 100 आणि 150 ह्या ठिकाणी सापडते. तेवढ्या तीन ठिकाणी अगदी अरुंद पट्टे घटवले तर जात्याचा आवाज पुष्कळसा राहतो. एका तिरक्या रेषेने खालचे सारे कापणे हे कमी श्रमाचे, म्हणून लोकप्रिय. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही शक्य आहेत आणि फुकटच्या प्लगइनातही शक्य आहेत. ठरवावयाचे असते ते हे की जात्याची घरघर हा व्यत्यय आहे की संहितेचा भाग. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ह्यांनी महाराष्ट्रातील गावोगावी हिंडून, सहकाऱ्यांसह, लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना जाणवते की ही रचना दळण्याच्या फेऱ्यांशी, हाताच्या श्रमाशी आणि पहाटेच्या एकांताशी बांधलेली आहे. कागदावर छापताना जाते सुटलेच. ध्वनिमुद्रणात ते उरले होते. 'स्वच्छ' करण्याच्या नादात आपण ते दुसऱ्यांदा काढून टाकतो, आणि ह्या वेळी तसे करण्यास कोणी भाग पाडलेले नसते.

संपादनाच्या परंपरेने ह्यावर जी शिस्त लावली आहे तीच येथे पुरेशी आहे. कॅसेटवरून उतरवलेली पहिली प्रत, खरखरीसकट, अस्पर्श ठेवावी. बदल दुसऱ्या प्रतीवर करावेत आणि कोठे किती डेसिबल घटवले, का घटवले, हे एका साध्या फायलीत लिहून ठेवावे. उद्या कोणी राजवाड्यांसारखा मागे जाऊ पाहील तेव्हा त्याला वाट असावी. स्वतःचे नवे गाणे करणाऱ्यालाही, फरक राखून, हेच लागू आहे. त्याची मूळ प्रत त्याच्या कानात असते, एवढेच. आपल्याला कशाशी समान व्हावयाचे आहे हे ज्याने ठरवले आहे त्याला संगणकाबरोबर आलेला इक्वलायझर पुरतो. ज्याने ठरवले नाही त्याच्यासाठी ते कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते : कधी 1954 च्या एका समितीने, कधी शैलींची यादी करणाऱ्याने, तर कधी 80 हर्ट्झचा सल्ला देणाऱ्या कोणा अनोळखी माणसाने. नातवाने कापण्यापूर्वी एकदा डोळे मिटून ती कॅसेट पूर्ण ऐकावी, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.